वाचन प्रेरणा दिन : फोटो काढून झाल्यावर काय?



ऑक्टोबर उजाडला की आपल्या शिक्षकांच्या ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते. "वाचन प्रेरणा दिनाला कोणते उपक्रम घेताय? अहवालाचा नमुना असेल तर टाका." मीही कितीतरी वर्षं अशी विचारणा केली आहे आणि इतरांना नमुने पाठवलेही आहेत. आज या लेखात उपक्रमच सांगणार आहे. पण आधी माझी एक चूक सांगते, कारण हे सगळे उपक्रम त्या चुकीतूनच निघाले.

मी पलूस तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका छोट्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथीचे वर्ग, शिक्षक दोन. डी.एड. करून नोकरीला लागले त्याला पंधरा वर्षं होत आली. आजूबाजूला ऊस, थोडी द्राक्षबाग, दारात गाई-म्हशी. पालक शेतकरी, शेतमजूर, काही जण किर्लोस्करवाडीला कामाला.

फोटोतलं पान

२०२२ सालची गोष्ट. १५ ऑक्टोबर त्या वर्षी शनिवारी आला होता, त्यामुळे सकाळची शाळा. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या प्रतिमेला हार घातला, दोन मुलांची भाषणं झाली, पाहुण्यांना गुच्छाऐवजी पुस्तक दिलं. मग लिंबाच्या झाडाखाली सतरंज्या अंथरल्या, प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक दिलं आणि चाळीस मिनिटं 'सलग वाचन' घेतलं. एरवी आमच्या शाळेत चाळीस सेकंदांची शांतता मिळत नाही. त्या दिवशी पोरं इतकी शांत बसली की मला माझंच कौतुक वाटलं. मी भराभर फोटो काढले.

संध्याकाळी अहवालाला जोडायला फोटो निवडत बसले. दोन फोटो फार छान आले होते. एक ८ वाजून ४० मिनिटांचा, दुसरा ९ वाजून १५ मिनिटांचा. दोन्हींत पुढच्या रांगेत तिसरीतला एक मुलगा, मान खाली घालून पुस्तकात गढलेला. यातला कोणता द्यावा म्हणून मी दोन्ही मोठे करून बघितले, तर दोन्हींत त्याच्यापुढं एकच पान होतं. नदीकाठी उभा असलेला हत्ती. पस्तीस मिनिटांत पोरानं पान उलटलं नव्हतं.

सोमवारी मी त्याला विचारलं, "शनिवारी कुठलं पुस्तक वाचलंस रे?"

"हत्तीचं, मॅडम."

"मग काय झालं हत्तीचं?"

"हत्ती नदीवर गेल्ता."

"बरं, मग पुढं?"

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तिथंच हाय अजून."

वर्गातली पोरं हसली. तोही हसला. मला मात्र हसू आलं नाही.

या मुलाची पहिली कोरोनात गेली. जून २०२० मध्ये त्याचं नाव पटावर आलं तेव्हा शाळा बंद होती. घरात मोबाईल एकच, तो दिवसभर वडिलांच्या खिशात. दुसरीत गेला आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. घर सोडून हे लोक नातेवाइकांकडे राहिले. म्हणजे तिसरीच्या बाकावर बसलेलं हे लेकरू वाचनात अजून पहिलीतच होतं. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण त्या दिवशी कार्यक्रमाच्या गडबडीत मी ते सोयीनं विसरले. ज्याला वाचता येत नाही त्याला चाळीस मिनिटं वाचनाचं सोंग करायला बसवलं. आणि पोर एवढं गुणी की त्यानं ते बिनबोभाट केलं.

कुलपातली पुस्तकं

दुसरी चूक कपाटातली. ऑगस्ट २०१९ चा महापूर आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. तालुक्यातली नदीकाठची गावं पाण्यात गेली. आमच्या शाळेतही पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर आत पुस्तकांच्या जागी चिखलाच्या विटा. जी थोडी हाती लागली ती आम्ही मुलांबरोबर दोरीवर वाळत घातली. पुढं ठिकठिकाणांहून मदत आली, तिच्यात पुस्तकंही होती. नवी कोरी, रंगीत, बघत राहावं अशी.

आम्ही ती इतकी जपली की सगळ्यांत वरच्या कप्प्यात ठेवून कुलूप लावलं. १५ ऑक्टोबरला कुलूप निघायचं आणि कार्यक्रम झाला की परत लागायचं. पुस्तकं फाटली तर जबाबदार कोण, ही भीती तुम्हालाही ओळखीची असेल. पण खरं बोलायचं तर एक कपाट पुरानं नेलं आणि दुसरं आम्हीच पोरांपासून दूर नेलं.

उपक्रम निवडताना तीन प्रश्न

त्या सोमवारनंतर मी आणि माझ्या सहकारी शिक्षकांनी बसून ठरवलं की वाचनाचा कोणताही उपक्रम घेण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारायचे.

१) ज्या मुलाला अजून वाचता येत नाही त्याला या उपक्रमात खरं काम काय आहे?
२) कार्यक्रम संपल्यावर पुस्तक मुलाकडं राहतं की कपाटात जातं?
३) हाच उपक्रम हारतुऱ्याशिवाय, फोटोशिवाय उद्याही घेता येईल का?

आमचे आधीचे बरेच उपक्रम पहिल्याच प्रश्नाला अडले. भाषण कोण करतं? ज्याला वाचता येतं तो. प्रकट वाचन स्पर्धेत नंबर कोणाचा? ज्याला वाचता येतं त्याचा. म्हणजे वाचनाचा सण आपण ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांनाच जेवायला बोलावून साजरा करत होतो.

आता जे उपक्रम या तिन्ही प्रश्नांतून पार पडले ते सांगते. यातला एकही खर्चाचा नाही.

उपक्रम १ : मॅडम वाचतात, आम्ही ऐकतो

वेळ : परिपाठानंतर रोज दहा मिनिटं. साहित्य : एक चित्रमय पुस्तक.

मुलांना अर्धगोलात खाली बसवायचं, आपणही खालीच बसायचं. पुस्तकाची पानं मुलांकडं वळवून धरायची आणि हावभावासह वाचायचं. पान उलटण्याआधी थांबून विचारायचं, "आता काय होईल?" उत्तराला बरोबर-चूक म्हणायचं नाही, नुसतं पान उलटायचं. उत्तर पुस्तकच देतं.

एकच पुस्तक सलग तीन दिवस घ्यायचं. आपल्याला कंटाळा येतो, मुलांना येत नाही. तिसऱ्या दिवशी पहिलीची मुलंसुद्धा पुढचं वाक्य आपल्या आधी म्हणतात. तेव्हा त्या वाक्याखाली बोट फिरवायचं. तोंडातला शब्द आणि पानावरचा शब्द एकच आहे, हे मुलाला तिथं पहिल्यांदा दिसतं.

एक पथ्य मात्र पाळायचं. गोष्ट संपल्यावर "यातून काय बोध घेतला?" असं विचारायचं नाही. आपण सिनेमा बघून बाहेर आल्यावर दारात कुणी तात्पर्य विचारलं तर पुन्हा जाऊ का?

मी सुरुवात हत्तीच्या त्याच पुस्तकानं केली. दुसऱ्या दिवशी हत्ती नदीवरून घरी पोचला तेव्हा 'तो' मुलगा मोठ्यानं म्हणाला, "आला बाबा एकदाचा!"

गोष्टी कुठून आणायच्या, असं बरेच जण विचारतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीवरवर मराठी चित्रकथा मोफत आहेत. शाळेत प्रोजेक्टर किंवा टीव्ही असेल तर पान भिंतीएवढं होतं. पण हातात धरून वाचलेल्या पुस्तकाची मजा वेगळी, म्हणून आठवड्यातले निदान चार दिवस कागदाचंच पुस्तक घ्या.

उपक्रम २ : पाट्यांची फेरी

वेळ : एक तास, आठवड्यातून एकदा. साहित्य : वही, पेन्सिल, गाव.

अण्णा भाऊ साठे आपल्याच जिल्ह्यातले, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. जन्म १ ऑगस्ट १९२०. शाळेत ते जेमतेम गेले. कुटुंबाबरोबर चालत मुंबईला पोचले आणि तिथं दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं शिकले. ज्यांनी पुढं 'फकिरा'सारखी कादंबरी लिहिली त्यांची अंकलिपी म्हणजे मुंबईतल्या पाट्या! ही गोष्ट सांगून मी मुलांना गावातून फिरवते.

दूध संकलन केंद्र, विकास सोसायटी, पिठाची गिरणी, एसटीची पाटी, खताची पोती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं लिहिलेलं 'आईचा आशीर्वाद'. ज्याला जेवढं येतं तेवढं तो वहीत उतरवतो. कुणी पूर्ण पाटी लिहितो, कुणी त्यातलं आपल्या नावातलं एकच अक्षर शोधतो. शाळेत आल्यावर सगळ्यांचे शब्द फळ्यावर लिहायचे. आमच्या पहिल्याच फेरीत बासष्ट शब्द जमले.

पावसात फेरी निघत नाही, तेव्हा मुलांना घरून रिकामी पाकिटं आणायला सांगते. चहापूड, बिस्किटं, दुधाची पिशवी. भिलवडीच्या चितळ्यांची पिशवी आमच्याकडं पहिलीतलं पोरही 'वाचतं', कारण ती रोज घरात येते. मग तिच्यातला 'च' वेगळा काढून दाखवायला कितीसा वेळ लागणार?

वाचन प्रेरणा दिनाला याच उपक्रमाला कलामांच्या बालपणाची जोड देता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरमला गाडी थांबेनाशी झाली आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून बाहेर टाकले जाऊ लागले. ते गोळा करून वाटायच्या कामात छोटा अब्दुल आपल्या चुलतभावाला मदत करायचा. त्यांनी 'अग्निपंख'मध्ये हे सांगितलं आहे. आम्ही मैदानात धावत्या गाडीचा खेळ खेळतो. एक गट गाडी होऊन पळतो आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या सुरळ्या टाकतो, दुसरा गट त्या झेलतो. मग झेललेल्या पानातून प्रत्येकानं ओळखीचे पाच शब्द, नाहीतर पाच अक्षरं, गोल करायची. नुसत्या भाषणापेक्षा कलाम असे जास्त लक्षात राहतात.

उपक्रम ३ : धाकट्याला वाचून दाखव

वेळ : मंगळवार आणि शुक्रवार, शेवटची वीस मिनिटं. साहित्य : दोघांत एक पुस्तक.

हा माझा सगळ्यांत आवडता उपक्रम. तिसरी-चौथीतल्या प्रत्येक मुलाला पहिली-दुसरीतलं एक मूल जोडून द्यायचं. मोठ्यानं धाकट्याला पुस्तक वाचून दाखवायचं.

यात खरी गोम अशी आहे. तिसरीतल्या न वाचणाऱ्या मुलाला आपण दोन-दोन शब्दांच्या ओळींचं सोपं पुस्तक दिलं तर त्याला लाज वाटते. "हे बारक्या पोरांचं हाय," म्हणून तो बाजूला ठेवतो. अवघड पुस्तक त्याला जमत नाही. मग तो अवघड पुस्तक उघडून हत्तीकडं बघत बसतो. पण "पहिलीतल्या पोराला वाचून दाखवायचंय" म्हटलं की सोपं पुस्तक हातात घ्यायला त्याला मान मिळतो. ते पुस्तक आता त्याच्या कामाचं झालेलं असतं.

'तो' मुलगा सोमवारी सुट्टीत माझ्याकडं यायचा. "मॅडम, उद्या मला वाचायचंय, एकदा सांगा की." मी एकदा वाचायची, तो चार वेळा वाचायचा. मंगळवारी तो रुबाबात पहिलीच्या वर्गात जायचा. पहिल्यांदा त्यानं जे पुस्तक 'वाचलं' ते निम्मं पाठच होतं, हे मला कळत होतं. मी काही बोलले नाही. पाठ झालेल्या ओळीवर बोट ठेवत ठेवतच पोरं वाचायला लागतात. जानेवारीत एकदा त्याचा छोटा जोडीदार रुसला, त्याला दुसरंच पुस्तक हवं होतं. यानं तयारी केली नव्हती. अडखळत, अक्षर जोडत, घाम पुसत यानं ते पुस्तक शेवटपर्यंत नेलं. त्या दिवशी माझ्याकडं मोबाईल नव्हता, चार्जिंगला लावला होता. त्याचा फोटो नाही.

उपक्रम ४ : माझं पुस्तक

वेळ : सहा-सात दिवस, रोज थोडा. साहित्य : कागद, रंग, सुईदोरा, जुनी लग्नपत्रिका.

दिवाळी झाली की आपल्या भागात कारखान्यांचे हंगाम जोरात सुरू होतात आणि बीडकडून ऊसतोड कामगार येतात. गावाबाहेर कोप्या उभ्या राहतात. त्यांच्याबरोबर शाळेच्या वयाची लेकरंही असतात. काहींकडं शिक्षण हमी कार्ड असतं, काहींकडं काहीच नसतं. मोठी मुलगी म्हणजे लहान भावंडांची आई, कारण आईवडील दोघंही पहाटे फडात. आम्ही कोप्यांवर गेलो तेव्हा त्या वर्षी चार मुलं शाळेत यायला तयार झाली.

त्यातली एक मुलगी नऊ वर्षांची. काखेला धाकटा भाऊ. वयानुसार तिसरीत बसवली. थोडी अक्षरं येत होती. तिला बघून माझ्या मनात आलं, १५ ऑक्टोबरला ही कुठं होती? घरचं सामान बांधत असेल. आपला वाचन प्रेरणा दिन ही लेकरं यायच्या आधीच उरकलेला असतो. मग हिचा वाचन प्रेरणा दिन कधी?

मी तिला म्हटलं, "तू सांग, मी लिहिते." ती लाजली. मग बैलाबद्दल विचारलं आणि ती बोलायला लागली. मी ती म्हणेल तसं मोठ्या अक्षरात लिहीत गेले.

"आमच्या बैलाचं नाव सर्जा. सर्जा लई मोठा हाय. त्यो मोळ्यायची गाडी वढतो. आई पहाटं फडात जाती. बारकं माझ्यापाशी ऱ्हातंय. बारकं रडलं की मी त्याला सर्जा दावते."

एका पानावर एक वाक्य. खाली तिनं चित्र काढलं. सहा पानं सुईदोऱ्यानं शिवली, जुन्या लग्नपत्रिकेचं जाड कव्हर लावलं, वर तिचं नाव. लेखिका म्हणून.

यावर आमच्याकडं थोडी चर्चा झाली. "मॅडम, अशुद्ध लिहून दिलंत तर पोरं तेच शिकतील," असं एका पालकांनी काळजीनं विचारलं. त्यांची काळजी चुकीची नाही. प्रमाण भाषा मुलांना आलीच पाहिजे, पुढची सगळी पुस्तकं तिच्यातच आहेत. पण वाचायला शिकताना मुलाला पुढचा शब्द कोणता येणार याचा अंदाज लागावा लागतो. 'वढतो' हा तिचा शब्द आहे. 'व' दिसला की तो शब्द तिच्या ओठावर येतो. तिथं मी 'ओढतो' लिहिलं असतं तर तिनं ते 'वढतो'च वाचलं असतं, आणि मी "चूक" म्हणाले असते. पहिल्याच पुस्तकात तिला चूक ठरवून मला काय मिळणार होतं? दोन महिन्यांनी आम्ही त्याच पुस्तकाच्या शेजारी पाठ्यपुस्तकातल्या भाषेतलं दुसरं पुस्तक केलं. दोन्ही शेजारी ठेवून तिनंच फरक शोधले. तिला त्याची गंमत वाटली.

त्या डिसेंबरमध्ये आम्ही शाळेत दुसरा वाचन दिन घेतला, या चार मुलांसाठी. पाहुणा नाही, हार नाही. चौघांनी आपापली पुस्तकं वाचली आणि आमच्या गावातल्या पोरांनी ऐकली. कोपी कशी बांधतात, वाडं म्हणजे काय, पहाटे फडात किती थंडी असते, हे आमच्या मुलांनी त्या दिवशी विचारलं. इतके दिवस ती मुलं वर्गात होती, पण त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

मार्चमध्ये हंगाम संपला आणि कोप्या उठल्या. ती पुस्तक घेऊन गेली. पुढच्या हंगामात ते कुटुंब आमच्या गावाला आलं नाही. ती आता वाचते का, मला माहीत नाही. शिक्षक म्हणून अशी काही मुलं आपल्या मनात अर्धवट राहतात. पण तेव्हापासून आमच्या शाळेत वाचन दिन दोनदा होतो. एकदा १५ ऑक्टोबरला आणि एकदा ऊसतोडीची लेकरं आल्यावर.

उपक्रम ५ : भाकरी होईपर्यंत (हा खास पालकांसाठी)

पालकसभेत मी विचारायची, "घरी मुलाचं वाचन घेता का?" आया खाली बघायच्या. एक जण शेवटी म्हणाली, "मॅडम, मलाच वाचता येत न्हाई, मी काय घेऊ?"

पालकहो, तुम्हाला वाचता येत नसेल तरी मुलाचं वाचन घेता येतं. संध्याकाळी भाकरी करायला बसलात की मुलाला चुलीशेजारी किंवा गॅसच्या ओट्याजवळ बसवा. पहिली भाकरी तव्यावर टाकल्यापासून शेवटची उतरेपर्यंत त्यानं वाचायचं, तुम्ही ऐकायचं. अडखळला तर दुरुस्त करायची गरज नाही. फक्त मध्ये विचारा, "मग काय झालं?" तुम्हाला पुढचं ऐकायचं आहे हे मुलाला कळलं की तो अडलेला शब्द स्वतः सोडवतो. वडिलांसाठी हेच काम धार काढताना.

त्यासाठी पुस्तक घरी यायला हवं. म्हणून आम्ही कुलूप काढलं. आता पुस्तकं वऱ्हांड्यात दोरीवर टांगलेली असतात, पूर ओसरल्यावर वाळत घातली होती तशीच. मुलं स्वतः वहीत नोंद करतात आणि घरी नेतात. ज्याला नाव लिहिता येत नाही तो पुस्तकावरचं चित्र काढतो. नोंदवहीत हत्ती बरेच आहेत.

आपल्या तालुक्याची वाचनाची गोष्ट

एक सूचना चौथीच्या मुलांसाठी. वाचन प्रेरणा दिनाच्या भाषणात कलामांबरोबर आपल्या मातीतली माहितीही येऊ द्या. किर्लोस्करवाडी म्हटलं की मुलांना पंप आठवतो. पण याच माळावरून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं, तेच पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघालं. त्या काळात महाराष्ट्रभरच्या घरांत वाचली जाणारी मासिकं आपल्या तालुक्यातून जात होती. औदुंबरला कवी सुधांशू होऊन गेले आणि तिथं संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं. भिलवडीला सार्वजनिक वाचनालय आहे. साताऱ्याकडं महाबळेश्वरजवळ भिलार हे २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं, आणि त्यानंतर शासनानं निवडलेल्या पुस्तकांच्या गावांत आपलं अंकलखोपही आहे. सहल लांब न्यायची गरज नाही. एसटीनं अर्ध्या तासात पोचता येईल अशा ठिकाणी एक दिवस मुलांना घेऊन जा.

शेवटी

सगळी मुलं वाचायला लागली असं मी म्हणणार नाही. मागच्या वर्षीही चौथीतून बाहेर पडताना दोन मुलं अडखळतच होती. दहा मिनिटांच्या वाचनाला कधी माहिती भरायची घाई आडवी येते, कधी प्रशिक्षण, कधी सर्वेक्षण. दोरीवरच्या पुस्तकांतली काही हरवली. एक पुस्तक म्हशीनं खाल्लं, असं एका मुलानं लेखी कळवलं आहे. ते पत्र मी जपून ठेवलं आहे, कारण वर्षापूर्वी त्याला दोन ओळी लिहिता येत नव्हत्या.

'तो' मुलगा आता सहावीत आहे. परवा रस्त्यात भेटला. "मॅडम, हत्तीचं पुस्तक हाय का अजून?" मी म्हटलं, "आहे, पण पार फाटलंय." तो म्हणाला, "मग नवीन घ्या की, पोरं काय वाचणार?"

आता मी अहवालात एक रकाना वाढवला आहे : 'वाचून फाटलेली पुस्तकं'. मागच्या वर्षी तिथं १७ हा आकडा लिहिला.

यंदा १५ ऑक्टोबरला तुम्हीही फोटो काढाल. जरूर काढा. पण पाठवण्याआधी फोटो मोठा करून बघा, आणि अर्ध्या तासानं दुसरा काढून पुन्हा बघा. कुणाचं पान उलटलेलं नसेल तर त्या मुलाच्या शेजारी जाऊन बसा. तुमचा पुढचा उपक्रम काय असावा, ते त्याच्याकडूनच कळेल.